आजचं चिंतन : 'अति' हा शब्द

गीता, अध्याय 17, श्लोक 9.

राजस माणसाला आवडणाऱ्या आहारात इथे खारटही मोजलंय. पण शंकराचार्य भाष्यात सांगतात, 'अति' हा शब्द प्रत्येक चवीला लावायचा. म्हणजे दोष मिठाचा नाही, अतिरेकाचा. आधीच्या श्लोकातला सात्त्विक आहार तर रसाळच आहे.

आमच्या भंडाऱ्याकडे भातासोबत लोणचं-पापड आलंच. बाबांना बीपी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, जेमतेम एक छोटा चमचा. मग त्यांना एकट्याला अळणी वरण वाढून आपण पापड मोडायचा का? मला वाटतं, एकाच ताटावर लादलेला संयम शिक्षाच होते. सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं कमी मिठाचं खावं, वरून लिंबू पिळावं.

आज एवढंच करू : लोणच्याची बरणी आधी आपल्या ताटापासून दूर.

जय श्रीकृष्ण.