समेवर ये, मग बोल

ते हेडफोन आधी गळ्यातून काढ. कानाला लावायची वस्तू आहे ती, आणि काल हळदीत ती तुझ्या कानाला लागलीच नव्हती. "सर, सॉफ्टवेअरनंच बीपीएम चुकीचा दाखवला" हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढायचं नाही. हळदीची सुपारी सॉफ्टवेअरनं घेतली नव्हती, तू घेतली होतीस. पैसेही तूच मोजून घेतलेस.

काय केलंस ते ऐक. डाव्या डेकवर 124 चं हाउस चालू होतं. उजवीकडे जुनी लावणी, आधी आलाप आणि मग ढोलकी. पडद्यावर 87 आकडा उमटला, तुला हायसं वाटलं आणि तू सिंक दाबलंस. 87 चं 124 करायचं म्हणजे त्या बाईचा आवाज बेचाळीस टक्के जास्त वेगानं पळवायचा. की-लॉक चालू होतं म्हणून सूर चढला नाही, एवढंच. पण की-लॉक म्हणजे जादू नव्हे. ते आवाजाचे बारीक तुकडे करून एकमेकांवर चढवून जोडतं. मींडेचा पार चुरा झाला. पुढं ढोलकी आली, तर किक एकीकडे आणि थाप दुसरीकडे. समोरच्या बायका नाचता नाचता थांबल्या, तेव्हा तू काय केलंस? धुराचं बटण दाबलंस! धूर चेहरा झाकतो, लय झाकत नाही.

हा 87 आला कुठून, हे एकदा तरी विचारलंस का स्वतःला? सॉफ्टवेअर गाणं ऐकत नाही. आवाज कुठं एकदम उसळतो ते शोधतं. किक, स्नेअर, थाप अशा जागा हेरतं, त्यांच्यातली अंतरं मोजतं आणि जे अंतर सर्वांत जास्त वेळा सापडेल त्यावरून ग्रिड आखून मोकळं होतं. वेव्हफॉर्म मोठा करून बघ जरा. हाउसमध्ये ठोक्यागणिक टोक दिसेल. आलापात नुसता फुगवटा, हळूहळू वर येणारा आणि हळूहळू ओसरणारा. पेटीचा भाता, सारंगीचा गज, तानपुऱ्याची आस, यांना उसळी नसतेच. तरी सॉफ्टवेअरला आकडा छापायचाच असतो. मग ते गायिकेचा श्वास पकडतं, एखादं ठसक्यात फेकलेलं व्यंजन पकडतं आणि त्यावरून 87 लिहून टाकतं. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आलापात ताल नाही, आणि ही त्याची उणीव नाही. तिथं मोजायला जाणाऱ्याची ती चूक.

"पण पुढं ढोलकी होती ना, सर." होती. तीही क्लिक ट्रॅकवर वाजवलेली नाही. वाजवणारा माणूस होता, गाणारीकडे बघून वाजवत होता आणि शेवटाकडे लय चढत गेली. लावणीत ती चढायलाच हवी. तुझी ग्रिड मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मापाची. आता गणित कर, शाळेत शिकला असशील. 120 च्या गाण्यात नुसता 0.1 बीपीएमचा फरक पडला तर पाच मिनिटांत दोन गाणी अर्ध्या ठोक्यानं सुटतात, म्हणजे पाव सेकंद. तिथं किक बरोबर दोन टाळ्यांच्या मध्ये पडते. आणि तुझ्या लावणीत फरक 0.1 चा नव्हता. शिवाय ग्रिडची ठळक रेघ दर चार ठोक्यांनी. केरव्याला ते चालून जाईल. दादऱ्याच्या सहा मात्रांना? रूपकाच्या सातांना? रूपकात तर समेवरच खाली असते, तिथं तुझं सॉफ्टवेअर कुठला जोरकस ठोका शोधणार आहे?

1969 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो एका गाण्यावर दुसरं गाणं चढवायचा. रेकॉर्डवर हाडामांसाचे ड्रमर, लय हलती, समोर आकडा नाही की रेघ नाही. एक कान हेडफोनमध्ये आणि बोट तबकडीवर. पुढं 1979 ला टेक्निक्सचं एसएल-1200 एमके2 टर्नटेबल आलं, त्याची वेगाची पट्टी वर-खाली आठ टक्केच सरकायची. त्यामुळं बेचाळीस टक्क्यांचा गाढवपणा करायची सोयच नव्हती. तुला ती सोय आहे, आणि तू तिचा पुरेपूर लाभ घेतलास.

आता वही काढ. मोबाइलमध्ये नको, वही.

आलाप आहे तोवर त्या डेकचं सिंक बंद, क्वांटाइझही बंद. क्वांटाइझ चालू ठेवलंस तर तू बरोबर दाबलेला क्यूसुद्धा ते खोट्या रेघेवर ओढून नेईल. आलाप हाउसच्या ठेक्यावर मोकळा सोडता येतो, वेग जुळवायची गरज नाही. स्वर मात्र जुळायला हवा. गायिकेचा षड्ज काळी चारचा आणि तुझा बेस पांढरी पाचवर, म्हणजे अर्ध्या स्वराचं भांडण. काल तेही होतं. तुझ्या लक्षात आलं नाही, मला मागच्या खुर्चीवर बसून दात शिवशिवल्यासारखं झालं.

ढोलकी सुरू झाली की पहिल्या थापेवर क्यू ठोकायचा नाही. ढोलकीवाला उठाण घेऊन येतो, सम पुढं असते. टाळी देत चार आवर्तनं ऐक, मग क्यू ठेव. तिथून ग्रिड धर, आणि जिथं रेघ समेवरून घसरेल तिथं नवी खूण घाल. सेराटोमध्ये अशा हव्या तितक्या खुणा घालता येतात. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषणाचा डायनॅमिक प्रकार निवड. मिक्सएक्समध्ये वेग स्थिर असल्याचं गृहीत धरायची खूण काढून टाक. हे सगळं केल्यावरही कानानं तपास, कारण डायनॅमिकसुद्धा ढोलकीच्या भरीवर फसतं.

आणि दोन गाणी एकमेकांवर फार वेळ ठेवायचीच कशाला? ठेक्याची दोन आवर्तनं लूपमध्ये धर, जॉगनं हलका धक्का देत सांभाळ आणि बाहेर पड. नाहीच बसलं तर हाउसवर एको टाकून ते विरू दे आणि लावणी स्वच्छ, एकटी, तिच्या स्वतःच्या लयीत सुरू कर. त्यात कमीपणा नाही. हळदीतल्या बायकांना मिक्सिंग ऐकायचं नव्हतं, त्यांना ती लावणी हवी होती.

शनिवारी तीच फाइल घेऊन ये. जुनी ग्रिड पुसलेली, प्रत्येक घसरणीला खूण घातलेली, आणि काम झाल्यावर लॉक केलेली. नाहीतर तुझा कुणीतरी मित्र सगळी लायब्ररी पुन्हा अॅनालाइज करेल आणि तो 87 परत येऊन बसेल. मी मेट्रोनोम लावून ऐकणार आहे, पडद्याकडे पाठ करून.