स्वतःच्या हातचें टेबल

मनुष्यानें आपल्या उपयोगाची वस्तु पैसे देऊन विकत घ्यावी कीं स्वतःच्या हातानें तयार करावी, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. तो घरखर्चाच्या वहींत आढळतो आणि तेथेंच त्याचा निकाल लागतो. जी वस्तु बाजारांत स्वस्त मिळते ती विकत आणावी, जी महाग पडते ती घरीं करून पाहावी, एवढाच त्या वहीचा न्याय. परंतु या प्रश्नाला हिशेबापलीकडची एक बाजू आहे असें आम्हांस वाटतें. आणि ती स्पष्ट व्हावी म्हणून आम्ही एक अगदीं साधी वस्तु उदाहरणादाखल घेतों. ती वस्तु म्हणजे उघड्यावर ठेवण्याचें, दोन्ही अंगांस बाकें जोडलेलें लाकडी टेबल.

हें टेबल मुख्यतः अमेरिकेचें. तेथील सार्वजनिक उद्यानांतून, सरोवरांच्या कांठीं आणि घरोघरच्या परसांत तें दिसतें. तिकडे वस्ती करून असलेल्या मराठी कुटुंबांनाहि तें आतां परकें राहिलेलें नाहीं. आपल्याकडे वनभोजन म्हटलें म्हणजे झाडाची सावली, एखादी सतरंजी आणि पत्रावळी एवढ्यावर भागतें. कार्तिकांतल्या आवळीभोजनाला टेबलाची आठवण कोणास होत नाहीं. त्या देशांत खुर्चीवर बसून जेवण्याची रीत, म्हणून माणूस रानांत गेला तेव्हां टेबलहि त्याच्यामागून गेलें. मोठ्या मंदीच्या काळांत, १९३३ सालीं, तेथील सरकारनें बेकार तरुणांचें एक दल उभारलें. 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' हें त्याचें नांव. १९४२ पर्यंत सुमारें ३० लाख तरुण त्यांत काम करून गेले. महिना ३० डॉलर वेतन, आणि त्यांतले बहुधा २५ घरीं पाठवावयाचे. या तरुणांनीं झाडें लावलीं, रस्ते बांधले आणि उद्यानांतून अशीं टेबलें बसविलीं. राष्ट्रीय उद्यान-खात्यानें १९३८ सालीं उद्यानांतील बांधकामांच्या नमुन्यांचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या टेबलांचेहि आराखडे आहेत.

आज ज्या गृहस्थास असें टेबल स्वतः करावयाचें असतें, तो सहा फूट लांब, साडेपांच इंच रुंद व दीड इंच जाड अशा पांच फळ्या वरच्या भागासाठीं घेतो आणि प्रत्येक दोन फळ्यांत पाव इंचाची फट सोडतो. दोन्ही टोंकांस तिरप्या पायांची कैची असते. पायांना मधोमध एक लांब आडवा वासा बोल्टांनीं आंवळलेला असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस बाहेर आलेल्या टोंकांवर बाकांच्या फळ्या बसतात. टेबलाची उंची सुमारें ३० इंच, बाकाची सुमारें १८. करवत, गिरमिट, गुण्या आणि सुटीचे दोन दिवस एवढ्या सामग्रीवर हें काम होतें.

यावर अर्थशास्त्रज्ञ प्रथम आक्षेप घेईल. अ‍ॅडम स्मिथनें १७७६ सालच्या आपल्या ग्रंथांत टाचण्यांच्या कारखान्याचें उदाहरण दिलें आहे. काम वांटून घेणारीं दहा माणसें दिवसाला ४८,००० टाचण्या करीत. तींच एकेकटीं बसलीं असतीं तर प्रत्येकाच्या हातून वीसहि झाल्या नसत्या. मग वकिलानें वा डॉक्टरानें आपले दोन दिवस एका टेबलावर कां घालवावे? त्या वेळांत तो आपल्या विद्येच्या बळावर दोन टेबलांची किंमत मिळवील, आणि सुताराच्या पोटालाहि काम मिळेल. हा आक्षेप खरा आहे, आणि स्वावलंबनाचे गोडवे गाणाऱ्यांनीं तो टाळूं नये. शिवाय 'स्वतः केलें' या शब्दांतला 'स्वतः' तपासूं लागलें म्हणजे तोहि फार लहान होत जातो. झाड दुसऱ्यानें तोडलें, फळ्या गिरणींत कापल्या गेल्या, बोल्ट कोठल्या तरी भट्टींतून आले. स्वावलंबनाचा आदर्श म्हणून ज्याचें नांव घेतात त्या थोरोनें १८४५ सालीं वॉल्डन तळ्याकांठीं स्वतःची झोंपडी बांधली, आणि तिला २८ डॉलर व साडेबारा सेंट खर्च आल्याचा चोख हिशेब लिहून ठेवला. परंतु त्याची कुऱ्हाड उसनी आणलेली होती आणि जमीन एमर्सनची होती. थोरोनें हें लपविलें नाहीं. कुऱ्हाड परत केली तेव्हां तिला पूर्वीपेक्षां अधिक धार होती असेंहि त्यानें नमूद केलें. तेव्हां स्वतः टेबल करणारा मनुष्य जगापासून स्वतंत्र होतो, हा समज प्रथमच सोडून द्यावा हें बरें.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्या वस्तूंत माझे श्रम मिसळले ती माझी, असा सिद्धांत इंग्लिश तत्त्ववेत्ता जॉन लॉक यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडला. मालकीहक्काचें हें समर्थन अनेकांस पटलें. परंतु श्रम मिसळले म्हणजे हक्काबरोबर मोहहि मिसळतो. २०१२ सालीं नॉर्टन, मोचोन व एरिअली या तीन संशोधकांनीं यासंबंधीं कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. सुटे भाग घरीं नेऊन जोडावयाच्या सामानाबद्दल प्रसिद्ध असलेल्या 'आयकिया' या दुकानाचें नांव त्यांनीं या मोहाला दिलें. नवशिक्यांनीं कागदाच्या घड्या घालून आकृति केल्या. इतरांच्या दृष्टीनें त्यांची किंमत जवळजवळ शून्य होती, परंतु करणारांना त्या निष्णातांच्या कृतींच्या तोडीच्या वाटल्या. आपल्याकडे 'आपला तो बाब्या' म्हणतात, त्याचेंच हें शास्त्रीय रूप! मग स्वतःच्या हातचें टेबल म्हणजे केवळ स्वतःच्या कौतुकाची चौरंगावर पूजा, असें कोणी म्हटल्यास त्याला काय उत्तर द्यावें?

आमचें उत्तर असें आहे. कागदाच्या पक्ष्यावर कोणी बसत नाहीं. टेबलाच्या बाकावर बसतात. वस्तु जोंपर्यंत केवळ पाहण्याची आहे, तोंपर्यंत कर्त्याचा मोह तिला सांभाळून घेतो. ती वापरण्याची झाली म्हणजे तिचा न्याय दुसऱ्यांच्या हातीं जातो. टेबल डळमळलें तर कर्त्याच्या प्रेमानें तें स्थिर होत नाहीं. म्हणून स्वतः करण्याचें नैतिक मोल हक्कांत नाहीं, अभिमानांतहि नाहीं; तें उत्तरदायित्वांत आहे. विकत घेतलेलें टेबल मोडलें म्हणजे आपण दुकानदाराचें नांव घेतों. स्वतः केलेलें मोडलें म्हणजे घेण्यास दुसरें नांव उरत नाहीं.

हें उत्तरदायित्व प्रथम लाकडाशीं असतें. झाड तुटलें तरी लाकडाचें ओलाव्याशीं असलेलें नातें तुटत नाहीं. पावसांत फळी रुंदीला फुगते व उन्हांत आकसते. लांबीला मात्र ती जवळजवळ तेवढीच राहते. फळ्यांमधली पाव इंचाची फट ही शोभेसाठीं नसून या फुगण्याला व पाण्याच्या निचऱ्याला सोडलेली जागा असते. फळीच्या सपाट अंगांतून पाणी सावकाश शिरतें, पण कापलेल्या टोंकांतून झपाट्यानें. म्हणून जाणता मनुष्य पायांचीं टोंकें, जीं जमिनीला टेंकल्यावर कोणाच्याहि दृष्टीस पडणार नाहींत, तींच अधिक काळजीनें तेलानें वा रंगानें बंद करतो. पाहणारा वरचा गुळगुळीतपणा पाहतो. कुजण्यास सुरुवात खालून होते. न दिसणाऱ्या बाजूशीं प्रामाणिक राहण्याचा हा धडा व्याख्यानांतून क्वचितच इतका स्पष्ट मिळतो.

लाकडाच्या या कुजण्यावरूनच एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १९३३ सालीं डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंतील सोंटी कामेशन या भारतीय शास्त्रज्ञानें तांबें, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचें एक मिश्रण शोधून काढलें. तें मुरविलेलें लाकूड वाळवी व बुरशी यांना दाद देत नाहीं. शोध मोठा उपयुक्त होता, आणि त्यानें पुष्कळ लाकूड वांचलें. पुढें अमेरिकेंत अशाच लाकडाचीं टेबलें, गच्च्या आणि मुलांचीं खेळण्याचीं साधनें घरोघर झालीं. आर्सेनिक हळूहळू पृष्ठभागावर येतें, त्यावर मुलांचे हात फिरतात आणि तेच हात तोंडांत जातात, ही गोष्ट पुढें चिंतेचा विषय झाली. आणि २००३ च्या अखेरीस उत्पादकांनीं घरगुती उपयोगासाठीं असें लाकूड करणें बंद केलें. या प्रकरणांत कोणा एकाला दुष्ट ठरविण्याचें कारण नाहीं. परंतु टेबल विकत घेणाऱ्या मनुष्यास 'या फळींत काय मुरविलें आहे?' असें विचारण्याचें सुचत नाहीं. फळी स्वतः कापणाऱ्याला तें विचारावेंच लागतें, कारण तिचा भुसा त्याच्याच नाकांत जाणार असतो. हातानें काम करणें म्हणजे प्रश्न विचारण्याची संवय लावून घेणें होय.

यापुढची पायरी म्हणजे बसणारांशीं असलेलें उत्तरदायित्व. हें टेबल आणि त्याचीं बाकें एकजीव असतात. म्हणून एका बाजूचीं सर्व माणसें एकदम उठलीं आणि पायांचा फैलाव कमी असला, तर दुसऱ्या बाजूच्या भारानें टेबल कलतें. एकाच्या उठण्याचा परिणाम दुसऱ्याच्या बसण्यावर व्हावा, ही स्थिति कुटुंबांत व समाजांत नित्याची आहे. टेबल तिचा अनुभव तत्काळ देतें. शिवाय या बाकावर बसावयाचें म्हणजे पाय उचलून वाशावरून पलीकडे टाकावा लागतो. तरुणाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. ज्या आजीचे गुडघे धरले आहेत तिला तें टेबल म्हणजे कुंपण. चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्यास तर जागाच नाहीं. उपाय अगदीं साधा आहे. वरच्या फळ्या एका टोंकाला पायांच्या पुढें दीड-दोन फूट वाढवावयाच्या, आणि खालीं गुडघ्यांसाठीं मोकळी जागा ठेवावयाची. अपंगांच्या हक्कांचा कायदा अमेरिकेंत १९९० सालीं झाला. त्याखालील नियमांत ही मोकळी जागा निदान २७ इंच उंच व ३० इंच रुंद असावी असें माप आहे. कायदा सार्वजनिक जागेला लागू पडतो. स्वतःच्या परसांत कोणी माप घ्यावयास येत नाहीं. तेथें फळी वाढवावयाची कीं नाहीं हें कर्त्यानें आराखडा काढतांनाच ठरवावयाचें असतें, आणि तें ठरवितांना आपल्याकडे कोण येणार व कोणी यावें अशी आपली इच्छा आहे, याचें उत्तर तो देऊन बसतो.

या टेबलाला मुख्यासन नाहीं. सर्वजण एकाच फळीवर, एकाच उंचीवर बसतात. तेवढ्यावरून तें समतेचें प्रतीक आहे असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु इतिहास त्या मोहाला आडवा येतो. व्हर्जिनियांतील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानांत १९३९ सालीं लुइस माउंटन हें ठिकाण काळ्या वर्णाच्या लोकांच्या सहलीसाठीं वेगळें राखलें गेलें, आणि हा भेद पुरता मोडण्यास १९५० साल उजाडावें लागलें. टेबलाच्या फळ्या सारख्या, पण टेबलांच्या मध्यें रेघ! पंक्तिभेद ज्या समाजानें शतकानुशतकें पाळला, त्यांतल्या आम्हां मराठी वाचकांना हें निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपल्या पंगतींतहि सर्वजण एकाच जमिनीवर बसत. फक्त कोणी कोठल्या जमिनीवर बसावयाचें हें ठरलेलें असे. वस्तु कितीहि न्यायानें घडविली तरी न्याय तिच्यांत आपोआप उतरत नाहीं; तो बोलावणाऱ्यानें आणावा लागतो.

आपल्या समाजाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट बोलणें प्राप्त आहे. आपल्याकडे सुतार हा बारा बलुतेदारांपैकीं एक. गावाचा नांगर, पाभर, गाडी सारें त्याच्या हातचें. असें असूनहि लेखणी धरणाऱ्या हातानें करवत धरणाऱ्या हाताला बरोबरीचें मानलें नाहीं. गांधीजींनीं १९१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत कॅलनबॅक यांच्या जमिनीवर टॉल्स्टॉय फार्म वसविलें, तेथें सुतारकाम व चांभारकाम आश्रमवासीच शिकले व करूं लागले. १९३७ सालीं वर्ध्यास शिक्षणाची जी नवी योजना पुढें आली तिच्याहि मुळाशीं हस्तव्यवसाय होता. या प्रयत्नांतलें मर्म लाकडांत नसून या जुन्या तिरस्कारावरील उपचारांत होतें. मात्र सुटीचे दोन दिवस छंद म्हणून करवत धरणें आणि पोटासाठीं ती जन्मभर धरणें, यांतलें अंतर विसरून चालणार नाहीं. छांदिष्टाचा हात दुखला तर तो थांबतो. सुताराला थांबतां येत नाहीं. म्हणून हौशी मनुष्यानें 'आम्हीहि श्रमजीवी' असें म्हणूं नये. त्याच्या हौसेची खरी परीक्षा टेबल पूर्ण झाल्यावर होते. ज्यानें एकदां सरळ रेघेंत फळी कापण्याचा प्रयत्न केला आहे, तो पुढच्या वेळीं सुताराच्या मजुरींतले शंभर रुपये तोडण्यासाठीं दारांत उभा राहून घासाघीस करतो काय? करीत असेल, तर त्याचे दोन दिवस फुकट गेले. टेबल कितीहि सुबक झालेलें असो.

टेबल विकत घ्यावें कीं करावें, याचा निर्णय ज्यानें त्यानें आपल्या सवडीप्रमाणें करावा. विकत घेणारा कोणत्याहि अर्थानें हीन ठरत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याला जमेल त्यानें आयुष्यांत एकदां तरी अशी एखादी वस्तु करावी, जिच्यावर दुसरीं माणसें आपला भार टाकतील. मग ती टेबल असो, झोपाळा असो कीं विहिरीवरचें झांकण असो. आपल्या शब्दांवर, मतांवर, आश्वासनांवरहि लोक भार टाकीत असतात; पण तो भार दिसत नाहीं, आणि शब्द मोडला तरी त्याचा आवाज होत नाहीं. लाकूड मोडतांना आवाज होतो. तो ऐकूं येण्याच्या भयानें ज्यानें बोल्ट पुन्हा एकदां आंवळून पाहिला, तो पुढें आश्वासन देतांनाहि क्षणभर थांबेल, अशी आशा करण्यास जागा आहे.