मध्यम म्हणजे किती?

घरातली गाडी बदलावी का, हा प्रश्न नीतीचा की नुसता हिशेबाचा? गेलं वर्षभर मी तो दोन्ही बाजूंनी मांडून पाहते आहे. मी अमेरिकेत, टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहराच्या उत्तरेला राहते. आमच्या दारात 2015 सालची फोर्ड एफ-150 उभी असते. ही इथल्या भाषेत ‘फुल-साइझ’ पिकअप: चार दारं, मागे साडेपाच फुटी उघडा हौदा, लांबी 19 फुटांच्या वर, रुंदी आरसे सोडून साडेसहा फुटांच्या वर. ती विकून एक आकार खाली उतरावं, रेंजर किंवा टॅकोमासारखी ‘मिडसाइझ’ पिकअप घ्यावी, असा विचार आहे. ती दीड-पावणेदोन फुटांनी आखूड आणि तीन-चार इंचांनी अरुंद असते. ट्रेलर ओढण्याची तिची कमाल ताकद मोठीच्या साधारण निम्मी.

भारतात बसून हे वाचणाऱ्याला हा खात्यापित्या घरचा चोचला वाटेल. काही अंशी तो आहेच. पण फोर्डची एफ मालिका 1977 पासून ज्या देशात सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे, तिथे हा निर्णय लाखो घरांत होतो, आणि त्याचे परिणाम गाडी नसलेल्या, पायी चालणाऱ्या माणसापर्यंत जाऊन पोचतात. आकाराची ही चढाओढ आता आपल्याकडच्या शहरांतही दिसू लागली आहे. म्हणून हा विचार मोठ्याने करायला हरकत नाही.

आधी हिशेब. मी वर्षभर गाडीत एक वही ठेवली आणि रोजची नोंद केली. ट्रक 286 दिवस बाहेर पडला. हौद्यात काहीतरी सामान होतं असे दिवस 41. त्यातलं मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये मावलं नसतं असे दिवस फक्त 4: दोनदा प्लायवूडचे तक्ते, एकदा एका विद्यार्थ्याचं घर हलवताना, आणि एकदा गणेशोत्सवाच्या मखराचे पाइप आणि पाट. ट्रेलर एकदाही ओढला नाही, कारण ज्या कॅम्परसाठी मुळात एवढा ट्रक घेतला होता तो आम्ही दोन वर्षांपूर्वी विकला. उरलेले 245 दिवस हौद्यात हवा होती.

एवढ्यावर निकाल लागायला हवा. पण लागत नाही. आपण वस्तू घेतो ती रोजच्या दिवसासाठी नव्हे, त्या चार दिवसांसाठी. ज्या घरात मी वाढले तिथे माळा होता. मोठी पातेली, सतरंज्या, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं ‘असू दे, लागतं कधीतरी’ म्हणून ठेवलेलं. आणि ते खरंच लागायचं. लग्नकार्यात आमचीच पातेली वाडाभर फिरायची. जादा असणं म्हणजे हाव, हे समीकरण म्हणूनच मला पटत नाही. जादा असणं म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीला उभं राहता येणंही असतं. इथल्या मराठी मंडळात मी ‘ट्रकवाली ताई’ आहे. नवीन आलेल्या मुलांचे सोफे, कुणाचा फ्रिज, मूर्तीचा खोका, सगळं माझ्या हौद्यातून गेलं आहे. मला ते आवडतं. मदत करायला आवडतं की मदत मागितली जायला आवडतं, ते मात्र वेगळं करता येत नाही.

पण माळा आणि ट्रक यांत एक फरक आहे. माळ्यावरची पातेली वर्षभर कुणाच्या वाटेत येत नाहीत. ट्रक रोज रस्त्यावर असतो.

माझे धाकटे काका साताऱ्याजवळ भाजीचा माल वाहतात, छोट्या हत्तीतून. 2005 साली टाटा एस बाजारात आली तेव्हा तिची भारक्षमता पाऊण टन होती आणि रिकाम्या गाडीचं वजन टनाच्याही आत. माझ्या ट्रकच्या दाराच्या चौकटीवर जी पट्टी आहे, तिच्यावर माणसं धरून 1,700 पौंडांच्या आसपासचा आकडा आहे, म्हणजे साधारण 770 किलो. माल जवळजवळ तेवढाच, पण तो नेणाऱ्या गाडीचं स्वतःचं वजन दोन टनांहून जास्त. हे मी काकांना फोनवर सांगितलं.

“अगं, मग एवढ्या गाडीत भरतेस तरी काय?”

“कधी प्लायवूड. कधी माती.”

“आणि एरवी?”

“एरवी मी बसते, काका.”

ते बराच वेळ हसत होते. मात्र या गोष्टीचं तात्पर्य ‘आपल्याकडे कसं साधं, तिकडे कसा माज’ असं काढू नये. काकांच्या गाडीत बाजाराच्या दिवशी पाऊण टनाऐवजी किती माल असतो, ते विचारलं की ते विषय बदलतात. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी उतारावर थांबत नाही, आणि तिच्यासमोरही माणसंच असतात. गरजेपेक्षा लहान गाडी आणि गरजेपेक्षा मोठी गाडी, दोन्हींचा जादा भार रस्त्यावरच्या तिसऱ्याच्या माथी जातो. एकीच्या मागे गरिबी असते आणि दुसरीच्या मागे सोय, म्हणून दोघींना एका तराजूत घालता येणार नाही. पण तो तिसरा माणूस दोन्हींकडे तोच असतो.

इथल्या गाड्या इतक्या मोठ्या का झाल्या, याला एकट्या गिऱ्हाइकाची हौस कारण नाही. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर वाढवला तेव्हा उलट उत्तर म्हणून अमेरिकेने 1964 मध्ये काही आयात वस्तूंवर 25 टक्के जकात बसवली. त्यांत हलके ट्रकही होते. बाकीच्या वस्तूंवरची ती जकात पुढे उठली, ट्रकांवरची राहिली, आणि बाहेरचे छोटे ट्रक या बाजारात स्वस्तात येणं अवघड झालं. 1975 च्या कायद्याने इंधनबचतीचे नियम आले, तेव्हा मोटारींपेक्षा हलक्या ट्रकांना सवलतीचं माप मिळालं. नंतर ते माप चार चाकांमधल्या क्षेत्रफळाशी जोडलं गेलं: गाडी जितकी पसरट तितकी अट सैल. कंपन्यांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. 1980 च्या दशकातली पहिली रेंजर आजच्या रेंजरपेक्षा जवळजवळ तीन फुटांनी आखूड होती. म्हणजे मी ज्याला ‘खाली उतरणं’ म्हणते आहे, ते चाळीस वर्षांपूर्वीच्या मापाने वर चढणंच आहे.

शिवाय बाकीचे लोकही आहेतच. जत्रेत तमाशाच्या तंबूत पुढचा एक उभा राहिला की मागचा उभा राहतो, मग त्याच्या मागचा. शेवटी सगळे उभे असतात, कुणालाच पहिल्यापेक्षा जास्त दिसत नाही, फक्त पाय दुखतात. आणि लहान मुलांना मुळीच दिसत नाही. त्या गर्दीत एकट्याने खाली बसणं म्हणजे शहाणपण की मूर्खपणा?

लहान मुलांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. इथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने 2023 मध्ये एक अभ्यास मांडला. ज्या गाड्यांचं बॉनेट 40 इंचांपेक्षा उंच, त्यांची धडक पादचाऱ्याचा जीव घेण्याची शक्यता बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी जास्त, असा त्याचा निष्कर्ष. 40 इंच म्हणजे सव्वातीन फुटांहून थोडं जास्त. पाच वर्षांचं मूल जेमतेम त्याच्या वर डोकं काढतं. बुटकी मोटार मोठ्या माणसाला पायावर मारते, उंच ट्रक छातीवर मारतो. 2009 मध्ये या देशात सुमारे 4,100 पादचारी वाहनांखाली मेले, 2022 मध्ये 7,500 हून अधिक. सगळा दोष ट्रकांचा नाही. रस्ते, वेग, अंधार, हातातले फोन हे सगळे त्यात आहेत. पण ट्रक त्यात नाहीत असं म्हणता येत नाही.

“पण आपल्या ट्रकने कुणाला काय केलंय?” असं माझा नवरा म्हणतो. काहीच नाही, आणि बहुतेक करणारही नाही. डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये एक कल्पित प्रसंग मांडला आहे. हजार छळ करणारे आणि हजार बळी. प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि त्याने प्रत्येक बळीची वेदना इतकी सूक्ष्म वाढते की ती जाणवतही नाही. हजार बटणं दाबली गेली की वेदना असह्य होते. प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणाला काहीच जाणवलं नाही. ते खरंही असतं. तरी सगळ्यांनी मिळून जे केलं त्यातला आपला वाटा कुणालाच झटकता येत नाही. माझा ट्रक हे असं एक बटण आहे.

इथवर विचार सरळ आहे. अडतो तो मुलीपाशी. ती सोळा वर्षांची आहे आणि गाडी शिकते आहे. वाहनांच्या वजनावरचा एक अर्थशास्त्रीय अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. समोरून आदळणारी गाडी 1,000 पौंडांनी जड असली तर आतल्या माणसाच्या मृत्यूची शक्यता सुमारे 47 टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. ज्या रस्त्यावर बाकी सगळे ट्रक मोठे आहेत, तिथे मुलीला लहान गाडीत बसवणं म्हणजे तत्त्वासाठी तिचा जीव पणाला लावणं नाही का? आईने परक्या मुलाचा आणि स्वतःच्या मुलीचा जीव एकाच तराजूत तोलावा, असं मला कुणी सांगितलं तर मी ते ऐकणार नाही. ऐकावं असं मला वाटतही नाही.

पण ही सवलत कुठवर जाते? माझ्या ताटातला घास मी आधी मुलीला देईन, तो माझा हक्क आहे. शेजाऱ्याच्या ताटातला काढून तिला देणं हा माझा हक्क नाही. जड, उंच गाडीने मिळणारं संरक्षण काही प्रमाणात तसं आहे. ते धोका कमी करत नाही, इकडून तिकडे सरकवतं. सीटबेल्ट, एअरबॅग, चांगले ब्रेक, रात्री उशिरा गाडी न चालवण्याचा घरचा नियम, यांनी मुलगी सुरक्षित होते आणि कुणाचं काही जात नाही. हे सगळं आधी करावं. ते करूनही जो धोका उरतो तो परक्याच्या अंगावर ढकलून शून्य करता येत असेल, तरी करू नये, असं मला वाटतं. ‘वाटतं’ एवढंच म्हणते. रात्री ती घरी पोचायला उशीर झाला की हे वाटणं पातळ होतं.

मग मध्यम पिकअप घेतली की मी सुटले का? तसंही नाही. दोन्हींच्या वजनात आज काहीशे पौंडांचाच फरक राहिला आहे. एका गॅलनमागे एखाद-दोन मैलच जास्त मिळतात. आणि मध्यम पिकअपचं बॉनेटही 40 इंचांच्या आत असतंच असं नाही. पैसे आणि पुण्य, दोन्ही खात्यांत जमा फार थोडी.

‘मध्यम’ या शब्दाने आपल्याला फसवायला नको. आपल्या मनात त्याच्यामागे मध्यममार्ग असतो, अतिरेक टाळण्याचं शहाणपण असतं. शोरूममधलं मध्यम म्हणजे मात्र विकायला ठेवलेल्या दोन आकारांच्या मधला आकार, एवढंच. टोकं सरकली की मध्य सरकतो. अॅरिस्टॉटलने हा धोका ओळखला होता. दहा मापं अन्न जास्त आणि दोन मापं कमी, म्हणून तालमीचा वस्ताद सरसकट सहा मापं ठरवत नाही, असं तो सांगतो. मायलो पहिलवानाला सहा कमी पडतील, नवख्या पोराला जास्त होतील. मध्य हा संख्यांचा नसतो, माणसाचा असतो. त्यात मला एकच भर घालावीशी वाटते. मायलो किती खातो याने शेजाऱ्याच्या बरगड्या मोडत नाहीत. जी वस्तू दुसऱ्याच्या अंगावर येऊ शकते, तिचं पुरेसं माप फक्त माझ्या गरजेने ठरत नाही. समोर कोण उभं आहे हेही त्यात धरावं लागतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत, आणि त्याच अंथरुणावर शेजारी कोण निजलंय तेही पाहावं.

या मापाने माझ्या 286 दिवसांतल्या 245 दिवसांना पिकअपच नको, साधी मोटार पुरे. 37 दिवसांना मध्यम पिकअप पुरते. 4 दिवसांना मोठी लागते, आणि ती हार्डवेअरच्या दुकानात तासावर भाड्याने मिळते.

म्हणून मी ठरवलं आहे: मोठी विकायची, मध्यम घ्यायची, आणि रोजच्या जाण्यायेण्याला नवऱ्याची जुनी सेडान आलटून पालटून वापरायची. मुलगीही सेडानवरच शिकेल. नुसता आकार कमी करण्यापेक्षा ट्रक दारात उभा राहण्याचे दिवस वाढवणं जास्त मोलाचं, हे मला त्या वहीने शिकवलं.

यात मी काहीतरी गमावणार आहे. पुढच्या गणपतीला मखराचे पाइप न्यायला मला कुणाला तरी फोन करून विचारावं लागेल, “तुमचा ट्रक मिळेल का हो?” इतकी वर्षं तो फोन मला येत होता. मागण्यापेक्षा देणं सोपं असतं. आणि कुणाला तरी मोठा ट्रक बाळगावा लागेलच, म्हणजे माझं माप कुणाच्या तरी जादा मापावर टेकलेलं राहील. याचं उत्तर माझ्याजवळ नाही. एवढं मात्र दिसतं की आठ घरांनी मिळून एक मोठा ट्रक ठेवला तर तो रिकामा कमी फिरेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे. त्यावर विम्याचं काय, डिझेल कोण भरणार आणि चावी कुणाच्या घरी राहणार, यावरून दोन तास वाद होईल. तो होऊ दे. हा ट्रक घेताना असा वाद झाला नव्हता.