गाडीबाहेरचा माणूस

‘अपडाऊन’ हा शब्द विदर्भात आणि खानदेशात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. राहायचे एका गावी, नोकरी दुसऱ्या गावी, आणि मधले अंतर रोज सकाळ-संध्याकाळ कापायचे, असा त्याचा अर्थ. बुलढाणा जिल्ह्याची रचनाच अशी आहे की, तेथील नोकरदारांपैकी अनेकांच्या वाट्याला हे अपडाऊन येते. मुंबई-हावडा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून जातो. जलंबहून खामगावला १८७० पासून फाटा आहे. परंतु घाटमाथ्यावर वसलेल्या बुलढाणा शहराला जिल्ह्याचे ठिकाण असूनही रेल्वे नाही. मलकापूर-मोताळ्याकडून वर यायचे तर राजूर घाट, खामगावकडून यायचे तर बोथा घाट. तेरा तालुक्यांत विखुरलेल्या शाळा, आरोग्य केंद्रे आणि कचेऱ्या गाठण्यासाठी एसटी आहे, काळी-पिवळी आहे आणि अलीकडे हप्त्यावर घेतलेली स्वतःची चारचाकीही आहे.

अशा वेळी नव्याने बदली होऊन आलेल्या शिक्षकाला सहकारी म्हणतो, “सर, आमच्या गाडीत एक जागा आहे. उद्यापासून या की आमच्यासोबत.” निमंत्रण आपुलकीचे असते आणि उत्तर लगेच द्यायचे असते. प्रश्न पेट्रोलच्या खर्चाचा आहे असे वाटते आणि माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. या साध्या ‘हो’मध्ये आपण नेमके काय कबूल करतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या सहप्रवासाच्या बाजूने जे आहे ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. चार माणसांनी चार गाड्या काढण्यापेक्षा एक काढावी, हे शहाणपण जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात रबर आणि पेट्रोल यांची टंचाई झाली तेव्हा अमेरिकी सरकारने भित्तिपत्रके लावून, एकट्याने मोटार हाकणे म्हणजे शत्रूला मदत करणे होय, असे नागरिकांना बजावले होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पर्यावरणावर लिहिलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दिवे विनाकारण न जाळणे, पाणी जपून वापरणे अशा दैनंदिन सत्कृत्यांच्या मालिकेत सार्वजनिक वाहनाने जाणे किंवा मोटार वाटून वापरणे यांचाही समावेश केला. शिवाय सोबत ही स्वतःच एक मोठी गोष्ट आहे. बदलीच्या गावी एकट्या पडलेल्या माणसाला गाडीतील तास-दीड तासाच्या गप्पांनी किती आधार मिळतो, हे अनुभवी माणसास सांगावे लागत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी अॅरिस्टॉटलच्या मागोमाग न्यायाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक व्यक्ती-व्यक्तींमधील देवघेवीचा न्याय. दुसरा, समाजाचे जे सामाईक आहे त्यातील योग्य वाटा प्रत्येकास मिळण्याचा न्याय. आपला प्रश्न या दोन्ही कसोट्यांवर घासून पाहण्याजोगा आहे.

देवघेवीचा हिशेब तुलनेने सोपा आहे. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटरचे अंतर, लिटरला सोळा किलोमीटर चालणारी गाडी आणि १०५ रुपये लिटरचे पेट्रोल धरले, तर दिवसाचा खर्च ५२५ रुपये होतो. चौघांत वाटला तर प्रत्येकी सुमारे १३१ रुपये. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर ३,१५० रुपये. परंतु येथेच पहिली कुरबुर सुरू होते. गाडीमालकाने आपला वाटा भरावा की नाही? टायर झिजतात, सर्व्हिसिंग येते, विम्याचा हप्ता त्याचाच असतो आणि घाटातील वळणांवर डोळ्यांत तेल घालून बसणाराही तोच असतो. म्हणून तिघांनीच पेट्रोल भरावे, असे कोणी म्हटले तर ते अन्यायाचे नाही. मात्र खर्च भागून वर काही उरू लागले, की सोबत्याचे गिऱ्हाईक होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवान्याशिवाय खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही, आणि खासगी विमा भाड्याच्या वाहतुकीला संरक्षण देत नाही. अपघात घडला तर ही गोष्ट कागदावरची राहत नाही. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा येथे समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, ते या जिल्ह्याने पाहिले आहे. चालकाच्या हाती आपण नुसती वेळ देत नाही, जीव देतो. तेव्हा त्याला वेग कमी करण्यास सांगण्याचा संकोच ज्या गाडीत वाटतो, त्या गाडीत बसू नये.

पैशापेक्षा वेळेचा हिशेब अवघड आहे. सामाईक गाडीत बसणारा माणूस आपल्या दिवसाची दोन टोके इतरांच्या स्वाधीन करतो. एकाला उशीर झाला की चौघांना उशीर होतो. एकाला घाई असली की चौघांना निघावे लागते. यात शिस्तही आहे आणि दास्यही. एखाद्या दिवशी मागे राहावेसे वाटले, तर ते इतरांना न दुखावता सांगता यावे, एवढी मोकळीक मैत्रीत असली पाहिजे. ती नसेल तर त्या सोबतीला मैत्री म्हणता येत नाही. एकमेकांच्या सोयीने बांधलेली ती मोळी होय.

आणि येथेच दुसरा न्याय दाराशी उभा राहतो. शाळा पाच वाजता सुटते असे समजा. पावणेपाचला कोणीतरी म्हणते, “मॅडम, निघायचं का? घाटात अंधार होतो.” बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. अंधार खरोखरच होतो. पण शाळेचे चारही शिक्षक एकाच गाडीने येणारे असतील, तर चारही वर्ग त्या पंधरा मिनिटांपुरते ओस पडतात. एकटा शिक्षक लवकर निघाला असता तर त्याला मुख्याध्यापकांची, सहकाऱ्यांची, निदान स्वतःच्या मनाची लाज वाटली असती. चौघे मिळून निघाले की ती लाज चौघांत वाटली जाते आणि पेट्रोलप्रमाणेच प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते. सहप्रवासातील खरा नैतिक धोका हाच आहे. गाडीचे वेळापत्रक हळूहळू शाळेचे, दवाखान्याचे, कचेरीचे वेळापत्रक बनते; आणि ते कोणी ठरवलेले नसल्यामुळे त्याचा जाबही कोणी देत नाही.

कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी राहावे, या नियमामागे हेच भय आहे. ग्रामविकास विभागाने २०१९ साली, कर्मचारी गावात राहतो याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला होता. २०२२ साली गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हा विषय काढला तेव्हा राज्यभर वाद माजला आणि शिक्षक संघटनांनी निषेध केला. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. खेड्यात राहण्याजोगे घर मिळत नाही, पतीची नोकरी एका गावी तर पत्नीची दुसऱ्या गावी असते, मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न असतो. या अडचणी खऱ्या आहेत. संध्याकाळनंतर गावात कोणी शिकलेला माणूस उरत नाही, ही गावकऱ्याची तक्रारही तितकीच खरी आहे. अपडाऊन करावे की नाही हे परिस्थिती ठरवील. परंतु अपडाऊन करणाऱ्याने गावाचा वाटा कमी करू नये, एवढे तरी त्याच्या हाती असते.

गाडीबाहेर आणखीही माणसे आहेत. एसटीची फेरी भारमानावर जगते. रोजचे नोकरदार उतारू गाडीत बसू लागले, की बसमध्ये उरतात विद्यार्थी, म्हातारी माणसे आणि बाजारकरी. मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला, ग्रामीण मुलींना शाळेचा पास मोफत आहे. पण फेरीच बंद पडली तर सवलत कोणत्या गाडीत वापरायची? २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला तेव्हा ज्यांच्याकडे वाहन होते त्यांची अडचण भागली. ज्यांच्याकडे नव्हते त्यांची झाली. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस एसटीने जाण्याचा निश्चय हा भाबडेपणा ठरू नये.

गाडीत न बोलावलेला सहकारीही बाहेरच राहतो. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्या वसई-विरारच्या वाचकांना डब्यातील ‘ग्रुप’ परिचयाचे आहेत. त्यांत भजने होतात, वाढदिवस साजरे होतात, आणि रुमाल टाकून जागाही अडवल्या जातात. आतल्यांसाठी जो जिव्हाळा, तोच बाहेरच्यासाठी बंद दरवाजा. कचेरीतील मोटारीचेही असेच घडते. गाडीत झालेल्या बोलण्यातून कामाचे निर्णय पक्के होतात, आणि बसने येणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी कळतात. कोणाला बोलावले जाते आणि कोणाला नाही, यात जात, पद, स्वभाव यांचे जुने हिशेब दडलेले असतात. एकट्या स्त्री सहकाऱ्याला तर गाडीत बसले तरी चर्चा, न बसले तरी अडचण. तिला आग्रह न करता, तिच्या सोयीने आणि तिच्या शब्दाने जागा मिळाली पाहिजे.

मग त्या नव्या शिक्षकाने काय करावे? माझ्या मते त्याने निमंत्रण स्वीकारावे, पण तीन गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्याव्यात. खर्चाचा हिशेब उघड असावा आणि त्यातून कोणाची कमाई होऊ नये. गाडी सुटण्याची वेळ घंटेनंतरची असावी. अंधाराची भीती असेल तर सकाळी लवकर निघून संध्याकाळी सावकाश यावे, वर्गाचा वेळ कापू नये. आणि कोणी एखाद्या दिवशी ‘आज मी थांबतो’ म्हटले, तर त्याचे कारण विचारले जाऊ नये. या अटी ऐकून सहकारी हसले तर हसू द्यावे. त्या मान्य झाल्या नाहीत तर मात्र एसटीचा थांबा बरा; तेथे वाट पाहावी लागते, पण पावणेपाचच्या त्या प्रश्नाला मान डोलवावी लागत नाही. चार जागांच्या गाडीत चौघेच बसतात हे खरे; परंतु ती कधी सुटावी हे ठरवताना, वर्गात अजून पाढे म्हणत बसलेल्या पोरांनाही विचारात घेतले पाहिजे. ती पोरे हक्क सांगायला येत नाहीत, म्हणून त्यांचा हक्क कमी होत नाही.