गुरूने दिलेले आकडे

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला हल्ली विद्यार्थ्याला एक 'स्वतंत्र संशोधन' करावे लागते. विषय त्याने निवडायचा, प्रश्नावली त्याने बनवायची, माणसे त्याने गाठायची आणि निघेल तो निष्कर्ष आपल्या सहीने लिहायचा. फराळाचे ताट पुढे असताना हे पुराण कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या 'स्वतंत्र' शब्दापाशी मी अडतो. स्वतंत्र कोणापासून? मार्गदर्शक तर डोक्यावर असतोच.

नेदरलंड्समधील टिलबर्ग विद्यापीठात डीडेरिक स्टापेल नावाचे नामवंत प्राध्यापक होते. हाताखालच्या विद्यार्थ्यांचा मोठा त्रास ते वाचवीत. प्रयोगाची आखणी दोघांनी मिळून करायची. मग शाळांतून आपल्या ओळखी आहेत, पुढचे आपण पाहतो, असे सांगून ते कागद घेऊन जात आणि काही काळाने आकड्यांचा तयार तक्ता विद्यार्थ्याच्या हाती ठेवीत. आकडे असे, की मूळच्या कल्पनेत चपखल बसावेत! २०११ च्या ऑगस्टात तीन तरुण संशोधकांनी विभागप्रमुखांकडे जाऊन आपला संशय बोलून दाखविला, आणि ते आकडे घरी बसून रचलेले होते हे उघड झाले. चौकशी समितीचा अंतिम अहवाल २०१२ च्या नोव्हेंबरात आला. पंचावन्न लेख आणि विद्यार्थ्यांचे दहा प्रबंध या रचलेल्या आकड्यांवर उभे होते.

त्या तिघांनी गुरुद्रोह केला काय? एकलव्याच्या अंगठ्यावर वाढलेल्या आपल्या मनाला हा प्रश्न टोचतो. पण तैत्तिरीय उपनिषदात शिष्याला निरोप देणारा आचार्यच सांगतो, की आमची चांगली आचरणे तेवढी घे, इतर घेऊ नकोस. तेव्हा त्या तिघांविषयी मला शंका नाही.

मला छळतात ते ते दहा प्रबंध. ते लिहिणारे लबाड नव्हते. समितीनेही त्यांना दोषी धरले नाही, ते योग्यच झाले. तरी ते संशोधन त्यांचे होते, असे मला म्हणवत नाही. कारण ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांतला एकही जीव त्यांनी पाहिला नव्हता. पाहिला असता तर त्यांना कळले असते, की माणसे प्रश्नावलीला इतकी शहाण्यासारखी उत्तरे देत नाहीत. माझ्या नववीच्या वर्गात एकदा अशी प्रश्नावली वाटली गेली. एकाने कंटाळून साऱ्या खुणा तिसऱ्या रकान्यात केल्या. दुसऱ्याने समासात लिहिले, 'सर, दोन्ही उत्तरे खरी आहेत.' रचलेल्या तक्त्यात असा मुलगा कधी सापडायचा नाही.

मी कादंबऱ्या लिहितो. रचण्याचा मोह मला ठाऊक आहे. आपल्याला सत्यापेक्षा सौंदर्याची, नीटसपणाची ओढ होती, असे स्टापेल यांनीही पुढे सांगितले. फरक एवढाच, की कादंबरी उघडताना वाचकाला हे रचलेले आहे हे माहीत असते.

आणि मोह काही लबाडांनाच होतो असे नाही. २०१५ साली अनेक संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकी जवळजवळ सर्वांत ठळक निष्कर्ष निघाले होते; दुसऱ्या खेपेस तो छत्तीस टक्क्यांतच निघाला. हे सारेच खोटारडे होते काय? मुळीच नाही. पण हवे ते दिसेपर्यंत पाहत राहायचे आणि दिसताच थांबायचे, ही सवय प्रामाणिक माणसालाही जडते. गुरूपासून सुटता येते. स्वतःच्या इच्छेपासून सुटणे फार अवघड.

त्या नववीला प्रश्नावली वाटणारी मुलगी परवा भेटली. परीक्षेआधी जास्त भिणारी मुले कमी झोपतात, असे तिला दाखवायचे होते. बासष्ट मुलांच्या उत्तरांत तसे काही दिसले नाही. मार्गदर्शक म्हणाले, "आणखी वीस मुले घे, जमेल." तिने विचारले, "आणि सर, आत्ताच जमले असते, तर वीस घ्यायला सांगितले असते का?"

प्रबंधात तिने बासष्टच ठेवली आहेत. गुण अजून लागायचे आहेत.