वकील कुणाचा? तत्त्वाचा की माणसाचा?

आपल्या चळवळीत वकिलाला मान आहे. असायलाच पाहिजे. बाबासाहेब वकील होते. पण मान दिला म्हणजे प्रश्न विचारायचा नाही, असं थोडंच आहे? प्रश्न साधा आहे. जो लोकांच्या वतीनं लढतो, मग तो वकील असो, पुढारी असो की कार्यकर्ता, त्यानं कुणाचं ऐकायचं? तत्त्वाचं, की वकीलपत्रावर ज्यानं सही नाहीतर अंगठा केलाय त्या माणसाचं? दोन्ही एका रस्त्यानं चालतात तोवर अडत नाही. रस्ते फुटले की खरी परीक्षा.

या परीक्षेला बसलेला एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. अमेरिकेतल्या काळ्यांशी आपलं नातं जुनं आहे. 1946 साली बाबासाहेबांनी डु बॉय यांना पत्र लिहिलं. 1972 साली मुंबईत 'पँथर' हे नाव आपण तिथूनच उचललं. नाव घेतलं, तसा त्यांच्या लढ्याचा जमाखर्चही वाचला पाहिजे.

डेरिक बेल. जन्म 1930, पिट्सबर्ग. 1957 साली वकील झाला आणि केंद्र सरकारच्या न्याय खात्यात लागला. 1959 साली साहेबांनी फर्मावलं, एन.ए.ए.सी.पी. या काळ्यांच्या संघटनेचं सभासदत्व सोड. यानं सभासदत्व ठेवलं, नोकरी सोडली. 1960 साली थर्गुड मार्शलनं त्याला लीगल डिफेन्स फंडात घेतलं. याच मार्शलनं आणि त्याच्या साथीदारांनी 1954 साली ब्राऊन खटला जिंकून, काळ्या-गोऱ्या पोरांच्या शाळा कायद्यानं वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवून घेतलं होतं. पण निकाल कागदावर, शाळा जिथल्या तिथं. मग गावोगाव खटले. शाळांच्या 300 हून जास्त खटल्यांवर बेलनं देखरेख केली. मिसिसिपीत, जिथं असा वकील दिसला तरी गोऱ्यांचं रक्त खवळायचं.

तिथल्या लीक परगण्यात हार्मनी ही काळ्यांची वस्ती. स्वतःची जमीन कसणारी, ताठ मानेची माणसं. रोझेनवाल्ड फंडाची मदत आणि स्वतःची मेहनत घालून त्यांनी शाळा उभी केली होती. गोऱ्यांच्या बोर्डानं ती बंद केली. विन्सन आणि डोव्ही हडसन या दोघी बहिणींनी बेलला सांगितलं, आमची शाळा आम्हाला उघडून द्या. बेल म्हणाला, आमची संस्था वेगळ्या शाळांसाठी लढत नाही. एकत्र शाळेसाठी लढायचं असेल तर आम्ही आहोत.

बाया तयार झाल्या. 1963 साली दावा लागला. 1964 साली पहिलीचा वर्ग खुला झाला. धमक्या एवढ्या आल्या, की त्या वर्गात एकच काळी पोरगी गेली. एकच!

पुढं कोर्टांनी खरोखर जोर लावला, तेव्हा बऱ्याच ठिकाणी काय झालं? शाळा एक करताना बंद पडली ती काळ्यांची शाळा. दक्षिणेतल्या आणि सीमेवरच्या 17 राज्यांत 1954 ते 1965 या काळात सुमारे 38,000 काळे शिक्षक आणि शाळाप्रमुख नोकरीला मुकले, असा आकडा दिला जातो. निकाल आपल्या बाजूनं आणि मास्तर घरी!

1976 साली बेलनं येल लॉ जर्नलमध्ये लेख लिहून हे उघड मांडलं. तोवर तो हार्वर्डचा प्राध्यापक होता. त्याचं म्हणणं असं: आम्ही वकील दोन धन्यांची चाकरी करतो. एक धनी एकत्रीकरणाचं तत्त्व आणि त्यासाठी पैसा देणारे लोक. दुसरा धनी खुद्द अशील, ज्याला पोरासाठी चांगलं शिक्षण हवंय. बोस्टनच्या काळ्या पालकांना शिकवणं सुधारायला हवं होतं, वकील मात्र कुठल्या शाळेत काळे किती नि गोरे किती, हे मोजत बसले. डु बॉयनं 1935 सालीच बजावलं होतं, की काळ्या पोराला मुळात शिक्षण हवंय; शाळा वेगळी की एकत्र, हा त्यानंतरचा प्रश्न. बेलचे जुने सहकारी चिडले.

त्यांचं चुकलं होतं का? एवढं सोपं नाही. त्यांची बाजूही ऐका. वेगळ्या शाळेला गोऱ्या बोर्डानं बरोबरीचा पैसा कधी दिला होता? जिथं सही केली की रोजगार जातो, तिथं 'आमची वेगळी शाळाच बरी' हे मनापासूनचं की भीतीपोटी? आपल्याही बापजाद्यांनी भीतीपोटी म्हटलंच होतं, जाऊ दे, आपलं आपण वेगळं बरं. शिवाय लोक म्हणजे काय एक तोंड असतं? दहा पालक, दहा मतं.

हे सगळं खरं. पण यातून लोकांना समजावलं पाहिजे, एवढंच निघतं. लोकांना वगळून त्यांच्या नावावर ठरवायचा हक्क निघत नाही. कारण हिशेब सरळ आहे. खटला हरला तर वकील दुसरा घेईल. खिडकीवर गोळी आली तर ती हार्मनीतल्या घरावर येणार. ज्याच्या अंगावर घाव, निर्णय त्याचा. आणि नीट निर्णय घेता यावा म्हणून सगळे रस्ते त्याच्यापुढं मांडायचे, आपल्याला नावडता रस्तासुद्धा.

बाबासाहेबांचं महाड आठवा. चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतः प्रतिवादी होते. डिसेंबर 1927 मध्ये कोर्टाचा मनाईहुकूम आला तेव्हा सत्याग्रह करायचा की तहकूब, हे जमलेल्या माणसांपुढं मांडलं गेलं. त्यांनी लोकांची समजूत घातली, पण तोंडावर, भर सभेत. 1937 साली हायकोर्टात निकाल लागला तो या लोकांचा होता.

बेल पुढंही तसाच राहिला. हार्वर्डच्या कायदा शाळेत एकही काळी स्त्री कायम प्राध्यापक नाही म्हणून 1990 साली बिनपगारी रजेवर गेला. 1992 साली त्याची जागा गेली. 1998 साली लानी गिनियर तिथं आल्या. 2011 साली बेल वारला.

दोस्तहो, आपल्यातले कित्येक वकील होतील, कित्येक संस्था चालवतील. निधी येईल, तत्त्वाची भाषा येईल. निवेदनावर वस्तीचं नाव टाकण्याआधी ते वस्तीत वाचून दाखवा. कुणी म्हातारी 'हे मला नको होतं' म्हणाली, तर तिला मागासलेली ठरवू नका. खाली बसा, आणि तिला काय हवंय ते विचारा.