घेणारा नावे, देणारा जमा

बी.कॉम.च्या तीन वर्षांत तू नेमकं काय शिकलास, असं आमच्या तीर्थरूपांनी मला निकालाच्या दिवशी विचारलं होतं. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता पंचेचाळिशी उलटल्यावर सांगता येईल, की मी एकच वाक्य शिकलो : घेणारा नावे, देणारा जमा. ज्याला काही मिळालं त्याचं खातं नावे टाकायचं, ज्यानं दिलं त्याचं जमा करायचं. १४९४ साली लुका पाचोली नावाच्या एका गणिती साधूनं व्हेनिसमध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून माझ्यासारखे असंख्य कारकून तिच्यावर पोट भरताहेत. मात्र कुणी आपल्याला फुकट वाइन पाजली तर ती कुठल्या खात्यात टाकायची, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. ते मला थेट घोरावाडीला जाऊन शिकावं लागलं.

झालं असं, की फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्या शाखेत एक गुळगुळीत निमंत्रण आलं. ज्या विमा कंपनीच्या पॉलिश्या आमची बँक खिडकीतून विकते, त्या कंपनीनं आम्हा नऊ जणांना चौथ्या शनिवारी ‘टीम बिल्डिंग आणि वाइन टेस्टिंग’साठी बोलावलं होतं. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. कारकुनाला चहा चालतो. असोसिएटला वाइनच लागत असावी.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सौ. कणीक मळत होती.

“वाइन म्हणजे दारूच ना हो?”

मी म्हटलं, “हा प्रश्न तुला पडलाय तसा सरकारलाही पडला होता.” २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन दारूत मोडते की शेतमालात, यावर सगळा महाराष्ट्र हमरीतुमरीवर आला होता. आपल्याकडे १९४९ सालचा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. त्याखाली पिण्याचा परवाना मिळतो आणि तोसुद्धा ‘प्रकृतीच्या रक्षणासाठी’.

“म्हणजे औषधच की,” मी म्हटलं.

“मग घोरावाडीला कशाला? दवाखान्यात जा,” सौ. म्हणाली आणि कणकेवर जरा जास्तच जोर दिला.

शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडून आम्ही निघालो. घोरावाडी हे स्टेशन असं आहे, की डुलकी लागली तर डोळे उघडेपर्यंत तळेगाव येतं. तिथून जवळच घोरावडेश्वराचा डोंगर. वर बौद्ध भिक्षूंची जुनी लेणी, त्यातच महादेव. भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांप्रमाणे इथेही तुकोबा चिंतनाला येऊन बसत, असं सांगतात. आमचे हेडकॅशियर, ज्यांना अख्खी शाखा कॅशकाका म्हणते, ते देहूकडचे माळकरी. त्यांनी खिडकीतूनच डोंगराला हात जोडले. मी त्यांना हळूच विचारलं, “काका, तुम्ही काय करणार हो तिथे?”

“डबा आणलाय,” काका म्हणाले.

रिसॉर्टवर एक तरतरीत तरुण आमची वाट पाहत होता. त्यानं आधी प्रस्तावना केली. ऐंशीच्या दशकात आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावला, फेसाळ वाइन होऊ लागली. २००० साली नाशिकच्या सुलाची पहिली वाइन आली आणि २००५ साली त्यांनी तिथे चव घेण्याची खास खोली उघडली. आता कंपन्या आपल्या माणसांना आणि गिऱ्हाइकांना हौसेनं मळ्यांवर नेतात, आणि मळा लांब पडला तर मळाच असा बाटलीतून जवळ आणतात. मग त्यानं कृती शिकवली. ग्लास दांड्याला धरायचा, कारण हाताच्या उबेनं वाइन तापते. आधी रंग पाहायचा, मग ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात चक्क थुंकायचा. पाच-पाच वाइन गिळल्या तर जिभेला पाचवीची चव कळत नाही म्हणे. आमचे शिपाईभाऊ माझ्या कानात म्हणाले, “साहेब, आपण आयुष्यभर तंबाखू खाऊन हेच केलं, कुणी कौतुक नाही केलं.”

दोन वाइनच्या मध्ये जीभ कोरी करायला पाणी आणि खारी बिस्किटं होती. ती बिस्किटं ध्यानात ठेवा.

पहिली पांढरी निभावली. दुसरी लाल, शिराझ. तोंड असं आवळून आलं, की फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यालोय असं वाटलं. त्याला टॅनिन म्हणतात. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं. तरुण म्हणाला, “वास कसला येतोय सांगा. चुकीचं उत्तर कुठलंच नाही.”

मला स्वच्छ करवंदांचा वास आला. लहानपणी लोणावळ्याला आत्याकडे मे महिन्यात द्रोणातून यायची तीच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे मॅनेजरसाहेब म्हणाले, “ब्लॅककरंट.”

झालं. लोन डिपार्टमेंटला ब्लॅककरंट आला. क्लिअरिंगला ब्लॅककरंट आला. मलाही आला. हे फळ आमच्यापैकी कुणी झाडावर तर सोडाच, मंडईतही पाहिलेलं नव्हतं. फक्त शिपाईभाऊ म्हणाले, “ओल्या गोणपाटाचा,” आणि तो तरुण खूश होऊन म्हणाला, “वा! मातीचा गंध. हाच या वाइनचा खरा गुण.” नऊ जिभांतली एकच खरं बोलली, आणि तिला बढतीची आशा नव्हती.

टीम म्हणजे काय, हे मला तोवर वेगळंच माहीत होतं. संध्याकाळी कॅश जुळत नाही. फरक नऊनं भागला जातो, म्हणजे कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत, ६३ चे ३६ झालेत, असं काका सांगतात आणि सगळे घरी जायचं सोडून चलनं उपसत बसतात. किंवा ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे ते दिवस. बाहेर रस्त्यापर्यंत रांग, आत नोटांचे ढीग, आणि रात्री उशिरा कुणाच्या तरी घरून आलेली थंड खिचडी नऊ जणांत एकाच पातेल्यातून. त्या खिचडीला वास होता की नाही आठवत नाही, पण ती कुणी थुंकली नाही.

शेवटच्या ग्लासानंतर विमा कंपनीचे साहेब उठले. “आता आपण एक कुटुंब आहोत,” असं म्हणून त्यांनी पडद्यावर कुटुंबाच्या मार्चअखेरच्या टार्गेटचा तक्ता दाखवला. मग प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. आत एक बाटली, बाहेर कंपनीचं नाव. वरच्या डोंगरात दानाचे ब्राह्मी लेख दगडात कोरलेले आहेत. त्या दात्यांनीही नाव लिहून ठेवलंच, पण भिक्षूंना टार्गेट दिल्याचं ऐकिवात नाही.

कॅशकाका पोळी-भाजी खाऊन कोपऱ्यात बसले होते. त्यांनी पिशवी घेतली नाही, आणि गाजावाजाही केला नाही. नुसतं “राहू द्या” म्हणाले.

परतीच्या लोकलमध्ये साहेब त्यांची थट्टा करू लागले. “काका, एका ग्लासात कुणी विकला जातो का?”

काका म्हणाले, “नाही ना साहेब. म्हणूनच तर एक ग्लास देतात.”

मग, शिवाजी महाराजांनी तुकोबांना मशाली, छत्र आणि घोडे पाठवले आणि तुकोबांनी ते परत केले, ही देहूकडे परंपरेनं चालत आलेली गोष्ट त्यांनी सांगितली. मी म्हटलं, “काका, तिथे तर देणारा शिवाजी होता. हेतू वाईट असायचा प्रश्नच नाही.” काका म्हणाले, “देणाऱ्याचं कशाला बघायचं? मी कुणाच्या नावे पडलो, की नोटा मोजताना माझं लक्ष दोन ठिकाणी जातं.”

आता तुम्ही म्हणाल, इतका कीस कशाला? केंद्र सरकारी नोकरांसाठी १९६४ सालचे वर्तणुकीचे नियम आहेत. त्यात सहज घडलेलं जेवण, वाटेत गाडीतून सोडणं किंवा तत्सम पाहुणचार ही भेट धरलेली नाही. मात्र ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांचा उंची किंवा वरचेवर होणारा पाहुणचार टाळावा, असंही म्हटलंय. आम्हा बँकवाल्यांचे नियम वेगळ्या पुस्तकात असले तरी शहाणपण तेच. पण थुंकलेली वाइन उंची पाहुणचारात धरायची का, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी स्वतःची समजूत घातली, की आपण गिळलंच नाही तर नावे कसं पडणार? मात्र रात्री अंथरुणावर पडल्यावर ती बिस्किटं आठवली. ती गिळली होती. चांगली सहा. आणि खारी होती. खाल्ल्या मिठाला जागावं, असं मला आईनं शिकवलंय.

सोमवारी मीठ जागं झालं.

आमच्या एक जुन्या खातेदार आजी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या दीड लाखाच्या ठेवीची मुदत भरली होती. दर वेळी मी पावती घेतो, शिक्का मारतो, आणि त्या “बाळा, व्याज वाढलं का रे?” विचारतात. त्या दिवशी माझ्या तोंडून आपोआप निघालं, “आजी, एकदा साहेबांना भेटता का? नवीन योजना आलीय.” मी एवढंच केलं. खिडकीपासून साहेबांच्या टेबलापर्यंत त्यांचा हात धरून नेलं. पुढचं साहेबांनी केलं. पॉलिसी नातवाच्या नावावर झाली. आजींना वाटलं, एकदाच पैसे भरायचे. कागदावर ते दर वर्षी, सलग दहा वर्षं भरायचे होते.

मला कुणी लाच दिली असती तर मी नक्की नाकारली असती. आम्ही मध्यमवर्गीय माणसं लाचेला फार भितो. लाच आपल्यातल्या लबाडाला हाक मारते, आणि तो आपल्यात भित्रा असतो. पाहुणचाराचं तसं नाही. तो आपल्यातल्या सज्जनाला हाक मारतो. एवढ्या प्रेमानं बोलावलं, खाऊ घातलं, नाव घेऊन चौकशी केली, तर आपणही काही करायला हवं, असं ज्याला वाटत नाही तो माणूस कसला? मलाही तसंच वाटलं. फक्त ती उतराई मी माझ्या खिशातून केली नव्हती. पाहुणचार माझा, आभार माझे, आणि बिल आजींचं. आणि आजी तर त्या पार्टीला नव्हत्याच.

मार्चच्या मध्यावर आजी पॉलिसीचं बाड घेऊन खिडकीशी आल्या. “हे पासबुक फार जाड दिलंय रे. याचं व्याज कधीपासून?”

शेजारच्या खिडकीत काका नोटा मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मोजायचे थांबले.

मी विचारलं, “आजी, हे घरी कधी आलं?”

“परवा.”

पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. हा हक्क कागदावर छापलेला असतो. वाचून दाखवणारा माणूस मात्र सोबत येत नाही. मी खिडकीवर ‘थोडा वेळ बंद’ची पाटी लावली, आजींना बाकावर बसवलं आणि अर्ज लिहून दिला. सही करताना त्या म्हणाल्या, “तूच तर नेलं होतंस ना साहेबांकडे?”

“हो आजी, मीच.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. पैसे थोडी कपात होऊन परत आले. ठेव पुन्हा झाली. पण आजी आता ठेवीची पावती माझ्यासमोर उभं राहून, चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. मागची रांग कुरकुरते. मी काही बोलत नाही.

साहेब दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. पुढच्या सहलीच्या यादीत माझं नाव नाही, असं शिपाईभाऊंनी आतल्या गोटातून कळवलंय. काका काहीच म्हणाले नाहीत. दुपारी त्यांनी दोन चहा सांगितले आणि पैसे द्यायला मी खिशात हात घातला तेव्हा म्हणाले, “उद्याचा तुझा.”

ती बाटली अजून आमच्या फडताळात लोणच्याच्या बरणीमागे उभी आहे. प्यायची इच्छा नाही, फेकवत नाही, आणि परत करायला जावं तर पोचपावती कुणाकडून घ्यायची? हिशेबात ज्या रकमेचं नाव-गाव लागत नाही ती सस्पेन्समध्ये टाकतात. जुने लोक त्याला उचंत खातं म्हणत. पण ऑडिटर पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. आमच्या घरचा ऑडिटर दर रविवारी लोणचं काढताना विचारतो, “अहो, याचं काय ते ठरलं का?”

मी म्हणतो, “बघतो.”